एकेचाळीस हजेऱ्या

पथकाचं वार्षिक विवरणपत्र तिसऱ्यांदा परत आलं. पुन्हा नरहरीच्याच नावाखाली लाल रेघ.

वसुंधराबाईंनी ते दुर्गच्या जिल्हा कार्यालयात अरुणकुमार बाबूंच्या टेबलावर आपटलं. "अब क्या रह गया?"

बाबूंनी रेघेवर बोट ठेवलं. "मैडम, साल में बारह हाज़िरी चाहिए. इनकी इकतालीस कैसे?"

"कम होती तो समझती. ज़्यादा हैं ना!"

"वही तो. ज़्यादा का कॉलम ही नहीं है."

बाबूंनी कागद उलटा केला, पट्टीनं मागच्या कोऱ्या बाजूवर एक चौकट आखली आणि वर लिहिलं: कारण, सदस्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. "शनिवार तक."

गेल्या वर्षी विवरण उशिरा गेलं म्हणून ताकीद मिळाली होती. या खेपेला शनिवार चुकला तर पथक बरखास्त. तेवीस माणसं, नऊ वर्षांची मेहनत, आणि सगळं अडलं होतं एका माणसाच्या उत्साहापायी.

रकाना १ : पथकाचे नाव व कार्य

भिलाईचं प्रथमोपचार पथक. बिनपगारी, पण खाकी गणवेश कडक इस्त्रीचा. लोक दिवसा कारखान्यात नाहीतर रेल्वेत राबत आणि महिन्यातून एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये एकमेकांच्या धडधाकट हातापायांना फळ्या बांधत. वसुंधराबाई त्याच शाळेत कारकून आणि पथकाच्या प्रमुख. वर्षाला बारा वर्ग आणि एक फेरपरीक्षा, नाहीतर बिल्ला परत.

बावीस जणांच्या बारा हजेऱ्या भरता भरता बाईंच्या तोंडाला फेस येई. कुणाची रात्रपाळी, कुणाची सासुरवाडी, कुणाच्या मेव्हणीचं लग्न. एकाच माणसाचं कधी लग्न निघालं नाही की पाळी आडवी आली नाही. चरोद्याच्या रेल्वे यार्डात सांधे बदलणारा पॉइंट्समन नरहरी. पथक सुरू झालं तेव्हा नाव नोंदवायला आलेला पहिला माणूस तो. रविवारी तर यायचाच, बुधवारी नव्या लोकांच्या वर्गालाही येऊन शेवटच्या बाकावर बसायचा.

रकाना ६ : सदस्याची प्रगती

नऊ परीक्षा, नऊ वेळा पैकीच्या पैकी. तरी प्रत्येक वर्गात हात वर.

"बाई, रक्त थांबवाले पट्टी आवळली, तर ढिली किती वेळानं करायची?"

"दर पंधरा मिनिटांनी, नरहरीभाऊ. आणि बांधल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रोग्याच्या अंगावर लावायची."

तो ते बॉलपेननं तळहातावर लिहून घेई. दर वेळी. पोरगेला विजयकुमार मागून ओरडे, "नरहरीभाऊ, झाली का पंधरा मिनिटं?" वर्ग हसे. नरहरी तळहाताकडे पाहत बसे.

मग बाई नव्या लोकांसाठी ती गोष्ट सांगत. बहात्तर साली त्यांचे मालक, म्हणजे यजमान दयाराम, दुर्गची लोकल पकडायला चरोद्याला रूळ ओलांडत होते. पाय वॅगनखाली आला. कुणीतरी पायाला गमछा आवळून बांधला, बेशुद्ध माणसाला गार्डाच्या डब्यात चढवलं. दवाखाना गाठेपर्यंत तीन तास. गमछा कुणी सैल केलाच नाही. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "ज्या गाढवानं तो बांधला, त्याला एक वर्ग जरी मिळाला असता," असं म्हणून बाई फळा पुसत.

रकाना ८ : प्रमुखाचा अभिप्राय

शुक्रवारी संध्याकाळी नरहरी बाईंच्या सेक्टरातल्या क्वार्टरच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. निरोप मिळाला होता. बाईंनी चौकटीचा कागद त्याच्या हातात दिला.

"बारा लिहिते. सही करा आणि मोकळं करा मला."

"एकेचाळीसदा आलो, बाई. खोटं कायले लिहू?"

"मग कारण लिहा! छंद म्हणून लिहा. घरी करमत नाही म्हणून लिहा. बायको हाकलून देते म्हणून लिहा. पण कावून येता ते लिहा एकदाचं."

"लिहिलं नाई तर?"

"तर सोमवारपासून पथक बंद. मी फळा विकते, तुम्ही तळहात धुवा."

आतून कुबडीची टकटक आली. "कोन हाय वं?" दयारामांचा आवाज. "फाटकात कावून उभं केलं? आत बलाव, चहा घेईल."

नरहरी दोन पावलं मागं सरला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "सकाळी आणून देतो," म्हणाला आणि सायकलवर न चढताच ती हातानं ढकलत निघाला.

"नऊ वर्षांत एकदाबी आत आला नाई तुझा हा मानूस," दयाराम म्हणाले.

"त्याले माणसापेक्षा पट्ट्यांचं प्रेम. येड लावून राहिला मले."

"तुले सगळेच येडे दिसतात. ज्यानं मले गमछा बांधला, तो नसता तर आज चहा मागाले असतो का मी?"

"आणि त्याले अक्कल असती, तर दोन पायांवर उभं राहून मागितला असता."

दयाराम कुबडी टेकत आत वळले. चहा राहिला.

रकाना ९

शनिवारी सकाळी फाटकाच्या आत, दगडाखाली पाकीट होतं. चिकटवलेलं. बाईंनी ते तसंच पर्समध्ये टाकलं आणि लोकल धावतपळत गाठली. डब्यात उभ्यानं प्रवास, पाकीट फोडायलाही हात मोकळा नाही. छंद लिहिलं असेल, नाहीतर बायको. काही का असेना, चौकट भरली म्हणजे झालं.

अरुणकुमार बाबूंनी पाकीट फोडलं, कागद उलटसुलट केला आणि बाईंपुढे सरकवला.

"ये तो मराठी में है, मैडम. आप पढ़िए, मैं हिंदी में चढ़ा लेता हूँ."

बाबूंनी पेनचं टोपण काढलं. बाईंनी चष्मा लावला आणि घाईघाईनं, मोठ्यानं वाचायला घेतलं:

"बहात्तर साली चरोद्याले बाईच्या मालकाच्या पायाले गमछा मीच बांधला होता, आन् तो ढिला करा लागते हे तवा मले माहीत नोतं."