टोपलीवरचा दगड

मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर शहापुरात दहशतवादविरोधी नागरिक मंच निघाला. मंचाचे भगीरथ मास्तर एसटी स्टँडवर पत्रकं वाटत. डोंगरातल्या पाड्यावरून करवंदं विकायला येणाऱ्या सावळीला वाचता येत नव्हतं. मागच्या बाजाराला इथंच कुणीतरी तिची अर्धी करवंदं पळवली होती, म्हणून आज पाणी प्यायला जाताना तिनं झाकल्या टोपलीवर दगड ठेवला. डोंगरात दगड ठेवलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. परतली तर अख्खा स्टँड लांब उभा आणि टोपली जशीच्या तशी. सावळी हरखली. “थांब मावशे, बेवारस टोपली आहे,” मास्तर ओरडले, “बॉम्ब असेल.” “बेवारस कशी? दगड नाय दिसला?” तिनं फडकं उचलताच स्टँडभर हशा पिकला. “बेवारस वस्तूला हात लावू नका, हेच शिकवतो आम्ही,” मास्तर ओशाळले. सावळीनं करवंदांनी त्यांची ओंजळ भरली. “त्यासाठी मंच कशाला? आमच्या पाड्यात रांगतं पोरसुद्धा हात लावत नाय.”