पुठ्ठ्याचे वाफे

बाबांची कंबर धरायला लागली, तेव्हा मुलानेच त्यांना फोनवर शक्कल सांगितली होती. "खणत बसू नका. गवतावर पुठ्ठे अंथरायचे, भिजवायचे, वर कंपोस्ट पसरायचं आणि पुठ्ठा कुजेपर्यंत वाफ्याला हात लावायचा नाही." बाबांनी ते हसण्यावारी नेलं.

घर विकायचं ठरवून या शनिवारी तो बाबांना आपल्या फ्लॅटवर न्यायला आला, सामान भरायला गाडीभर रिकामी खोकी घेऊन. बाबांनी ती व्हरांड्यात उतरवून घेतली. प्रवासाच्या शिणाने तो दुपारी आडवा झाला. उठून पाहतो तर व्हरांड्यात एकही खोकं नाही.

मागच्या अंगणात बाबा झारीने नवे वाफे भिजवत होते.

"तू सांगितलंस तसंच केलंय हो सगळं. आता पुठ्ठा कुजेपर्यंत काही इथून हलता यायचं नाही."