सगळ्यात जुना संदर्भ

शोधनिबंध घेणाऱ्या सरांपुढे चूं करायची कुणाची टाप नव्हती. सगळ्यात जुना संदर्भ यादीत सगळ्यात वर लिहायचा आणि यादी वर्गासमोर मोठ्याने वाचायची, हा त्यांचा नियम. वर्गातल्या एका मुलीला विहिरींवरच्या निबंधासाठी सरांचंच पुस्तक मिळालं. ग्रंथपाल बाईंनी संगणकावर त्याच विषयावरचा एक प्रबंधही उघडून दिला.

घटकाभरात ती धावत आली. "बाई, सरांचं पुस्तक म्हणजे या प्रबंधाची शब्द न् शब्द नक्कल आहे! आणि प्रबंध सहा वर्षं आधीचा. सर मला कच्चं खातील."

"नियम त्यांचाच ना? मग वर काय लिहिशील?"

"प्रबंध... पण या लेखिका आता असतात कुठे?"

बाईंनी पुस्तकावर दाणकन शिक्का मारला.

"माहेरचं नाव आहे ते. उद्या तू यादी वाचशील ना, तेव्हा मी वर्गाच्या दारातच उभी असेन."