वीस मिनिटं गप्प

फादरनी शिकवलं होतं, वीस मिनिटं डोळे मिटून देवासमोर गप्प बसायचं. विचार आला तर त्याच्यामागे न धावता त्याला जाऊ द्यायचं. चर्चचे कपडे धुताना माझं तोंड दिवसभर चालू असतं, तरी बसले. पहिलाच विचार आला, ‘पलीकडच्या खोलीत इस्त्री चालू राहिली.’ जाऊ दिला. पुन्हा आला, पुन्हा जाऊ दिला. तिसऱ्यांदा तर वासासकट आला. म्हटलं, सैताना, माझी परीक्षा बघतोस काय? प्रसन्न मनाने डोळे उघडून पलीकडे गेले तेव्हा फादरच्या पांढऱ्या झग्याच्या पाठीवर इस्त्रीएवढं भोक पडलं होतं, आणि तासाभरात चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना होती. तसाच झगा नेऊन सगळं सांगितलं. भोकात बोट घालून फादरनी विचारलं, “तिन्ही वेळा जाऊ दिलात?” “तुम्हीच सांगितलं होतंत ना!” फादर मटकन खुर्चीत बसले. “बाई, तीस वर्षांत मला एकदाही जमलं नाही.”