साहेबांच्या खुर्चीतला माणूस

फोटो पाहिला आणि ड्रायव्हरच्या हातातला पुष्पगुच्छ पडता पडता राहिला.

प्रदर्शन श्रीमंती आणि गरिबीवर होतं. दालनाच्या एका भिंतीवर देशोदेशीचे मालक, आपापल्या घरात, आपापल्या खुर्चीत. समोरच्या भिंतीवर त्यांच्या खाणींत, मळ्यांत, कारखान्यांत राबणारी माणसं. पाहुण्यांनी मधोमध उभं राहून अस्वस्थ व्हायचं होतं. सरबताची सोय शेजारच्या खोलीत होती.

आणि मालकांच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठ्या चौकटीत, साहेबांच्या दिवाणखान्यात, साहेबांचा कोट घालून, साहेबांच्या खुर्चीत ड्रायव्हर बसला होता.

घडलं होतं ते साधंच. फोटोग्राफर घरी आला तेव्हा साहेब आंघोळीला गेले होते. "तोवर तुम्ही बसा, उजेड कसा पडतो ते बघतो," म्हणून त्याने ड्रायव्हरला खुर्चीत बसवलं. पांढऱ्या युनिफॉर्मवर उजेड फार चमकतो, म्हणून साहेबांचा कोट चढवायला लावला. दोन-चार फोटो काढले. मग साहेब आले, त्यांचे काढले. आता फोटोग्राफर परदेशी निघून गेला होता. फोटोंची निवड केली होती संयोजक बाईंनी, आणि त्यांनी साहेबांना कधी पाहिलंच नव्हतं.

साहेब बाहेर गाडीत फोनवर बोलत होते. बोलणं संपलं की आत येणार होते.

ड्रायव्हरने कोपरा गाठून बायकोला फोन लावला.

"अगं, मी इथे भिंतीवर आहे."

"या वयात कुठे चढलात?"

त्याने सगळं सांगितलं.

"पण बसलात कशाला तुम्ही?"

"त्याला उजेड बघायचा होता."

"मग दिवा लावायचा होता मेल्याने!" गॅरेजवरच्या त्यांच्या खोलीत लेक मोठ्याने वाचत होती, ते फोनमधून ऐकू येत होतं. "अहो, नोकरी गेली तर ही खोलीपण जाईल. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. पाया पडा कुणाच्या, पण तो फोटो उतरवायला लावा."

ड्रायव्हर संयोजक बाईंकडे गेला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तोंडासमोर पुष्पगुच्छ.

"बाई, तो मोठा फोटो काढा. आमच्या साहेबांना आवडणार नाही."

"आवडू नये म्हणूनच तर लावलाय," बाईंनी फुलं घेत म्हटलं. "नजर बघा त्याची. समोरच्याला माणूस न समजणारी. असा तोरा पिढ्यानपिढ्यांच्या पैशाशिवाय येत नाही."

फोटो काढला त्या क्षणी ड्रायव्हर खिडकीतून कावळ्याकडे बघत होता. कावळा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर बसला होता.

"निदान कोपऱ्यात तरी लावा."

"अहो, पोस्टरवरही तोच आहे."

तेवढ्यात साहेब आत आले आणि थेट मोठ्या चौकटीसमोर उभे राहिले.

आता लपण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हरने टोपी काढली आणि मान खाली घालून साहेबांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. साहेबांचे कान लाल झाले होते.

"हा कोट माझा आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"हो, साहेब."

"खुर्ची माझी. मागचं घड्याळसुद्धा माझं."

"चूक झाली, साहेब. मी..."

साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटोच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. मग वळून सरळ ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुझी कसली चूक? घरात कोणीही घुसतं आणि कुणाचं लक्ष नसतं. तू याचा चेहरा नीट पाहून ठेव," साहेब म्हणाले. "कुठे दिसला तर लगेच मला सांग."