निधनवार्तेतली जागा

"पुन्हा भरा, साहेब," इनास म्हणाली.

निधनवार्तांच्या साइटच्या कार्यालयात शुक्री अल-गन्नामने सातव्यांदा फॉर्म भरला. नाव, हुद्दा, मृताशी नातं. बटण दाबल्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, "आपली माहिती मिळाली." मग त्याने आपल्या न्यायाधीश सासऱ्याच्या निधनवार्तेचं पान उघडलं. त्यात सासऱ्याचे तिन्ही मुलगे होते, त्यांचे हुद्दे होते, धाकटा जावई होता, कुठलासा मेजर भाचाही होता. थोरला जावई शुक्री तेवढा नव्हता.

"घरून चार वेळा केलं, इथे येऊन तीन वेळा! मिळाली म्हणतंय आणि दाखवत नाही. काय चावटपणा आहे हा?"

"माहिती मिळतेय साहेब, पान बदलत नाहीये. बघते मी."

"लवकर बघ, पोरी. आणि चहा सांग."

तांता शहरात दुखवट्याच्या मांडवात येणारा माणूस आधी ही यादी वाचतो, कोण कितव्या ओळीत आहे ते पाहतो आणि मगच कोणाचा हात किती वेळ हातात धरायचा ते ठरवतो. मेव्हण्यांनी आपलं नाव मुद्दाम गाळलंय, हे शुक्रीला ठाऊक होतं. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानला मांडव भरलेला असणार होता आणि ते साऱ्या गावाला ठाऊक व्हायला अर्धाच तास उरला होता.

दोष कळायला इनासला मिनिटभरही लागलं नव्हतं. साइट प्रत्येक पानाची एक प्रत काढून ठेवते आणि येईल त्याला तीच दाखवते. प्रत शिळी झाली की पुसायची असते. आत मात्र शुक्रीने भरलेली सातही नावं एकाखाली एक जमा झाली होती. त्यातली सहा काढायची, प्रत पुसायची, दोन मिनिटांचं काम. ती ते रोज दहा जणांसाठी करायची.

पण त्याने दारातच नाव सांगितलं होतं. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखायला आधी कधी पाहिलेलं तरी हवं!

नऊ वर्षांपूर्वी इनासचे बाबा गेले तेव्हा वर्तमानपत्रातली निधनवार्ता याच शुक्रीने, बाबांच्या मोठ्या भावाने दिली होती. त्यात बाबांची पहिली बायको होती, तिची मुलं होती, मुलांचे सासरेसुद्धा होते. दुसरी बायको आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी नव्हती. आई विचारायला गेली, तर याने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाला, "जागा नव्हती." अजूनही आई ते कात्रण काढून वरपासून खालपर्यंत वाचते, मागच्या वेळी नजर चुकली असेल म्हणून.

"हुद्दा पूर्ण लिहून बघा, साहेब," इनास म्हणाली. "अर्धवट असेल तर पान घेत नसेल."

हे साफ खोटं होतं, पण शुक्रीला मनापासून पटलं. त्याने लिहिलं, पाटबंधारे खात्याचे माजी संचालक. पान ढिम्म हललं नाही.

"हजला गेला असाल ना?"

"दोनदा!"

"मग लिहा की. असं कसं विसरता?"

पुढच्या वेळी हाजी आलं, त्याच्या पुढच्या वेळी मशीद समितीचं अध्यक्षपद. अकराव्या वेळी त्याने आपण ज्येष्ठ समाजसेवक असल्याचंही लिहून टाकलं. इनासला मजा येत होती आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

अजान सुरू झाली. शुक्री धडपडत उठला. इनासने प्रत पुसली.

"झालं, साहेब. निघा तुम्ही. आता सगळ्यांना दिसेल."

"जगशील, पोरी! अल्लाह तुझ्या बापाला सुखी ठेवो."

"बाबा नाहीत."

"मग त्यांना जन्नत मिळो," म्हणत तो जिना उतरला. तिने दार लावून घेतलं.

खालच्या पायरीवर त्याचा फोन वाजला. धाकटा मेव्हणा होता. त्याला बोलायचं होतं, पण हसू आवरत नव्हतं, आणि त्याच्यामागे दुखवट्याचा अख्खा मांडव खाकरत होता. शुक्रीने पान उघडलं. वरपासून खालपर्यंत तोच होता, अकरा वेळा, शेवटी शेवटी दर वेळी आधीपेक्षा मोठा. मृत न्यायाधीश वर कुठेतरी एका ओळीत उरले होते.

तो धापा टाकत वर आला आणि दार बडवू लागला.

"काढ ते! माझ्या तोंडावर हसतायत लोक! एकच ठेव, बाकीचं काढ!"

इनासने दार अर्धंच उघडलं.

"काढायचं कशाला, शुक्रीकाका?" ती म्हणाली. "बाबांच्या वेळी जागा नव्हती. इथे भरपूर आहे."