रागावून गेलेल्या मुली

“भांडणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही,” चौकीच्या पायरीवर मावशीने पुन्हा बजावलं. “तुझी पोरगी काल कॉलेजला गेली, घरी आली नाही. कोणी काही विचारलं तरी एवढंच.”

प्लंबरने मान डोलावली. कामावरून तसाच उठून आला होता, हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती. मावशी त्याची नात्याची कोणी नव्हे, शेजारीण. पण या चौकीचा उंबरठा तिच्याइतका गल्लीत कोणी झिजवला नव्हता, म्हणून त्याने तिलाच बरोबर आणलं. बिचारा नाकासमोर चालणारा माणूस. मावशीच्या दाराची कडी उघडी राहून गंजली आहे, फुकटात बदलून देतो, म्हणून वर्षभर तिच्या मागे लागलेला. असल्याला खोटं बोलायला शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आत हवालदाराने नाव-पत्ता लिहून घेतला, मुलीचा फोटो टाचणीने अडकवला, पेन आडवं ठेवलं आणि “बसा” म्हणून तो फोनवर बोलू लागला. समोरच्या भिंतीवर आयुक्तसाहेबांचा मोठा फोटो. खाली लिहिलेलं, ‘तुमचा विश्वास, आमची ताकद.’

मावशी त्या फोटोकडे पाठ करून बसली. कैक वर्षांपूर्वी हाच माणूस या चौकीत साहेब होता. तिची मुलगी क्लासहून परतली नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे केला होता, तिला आई म्हणाला होता. घरात काही झालं होतं का, हे त्याने इतक्या मायेने विचारलं की तिने सगळं सांगून टाकलं. नवी चप्पल हवी म्हणत होती, मी नाही म्हटलं, शब्दाला शब्द लागला. झालं. ‘रागाच्या भरात घर सोडून गेली,’ असं लिहून साहेब मोकळे झाले. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मुलीला गाडीत ओढताना पाहिलं होतं. तो घसा फोडून सांगत राहिला, त्याचं कोणी लिहूनच घेतलं नाही. पुढे पेपरांत ओरड झाली, चौकशीवर चौकशी बसली, आणि प्रत्येक चौकशीतून साहेब एक पायरी वर चढून बाहेर आले. कागदोपत्री मावशीच्या मुलीचा राग अजून उतरलेला नाही.

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती, मावशी,” प्लंबर हळूच म्हणाला. “एवढ्या मोठ्या खुर्चीत उगाच बसवतात का कोणाला?”

“माझं तोंड पोळलंय रे दुधाने.”

“म्हणून ताकसुद्धा फुंकून प्यायचं?”

“ताक कुठलं? दूध तेच आहे.”

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ टपटपत होता. प्लंबर थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्याला राहवेना. मावशीने शर्ट ओढला तरी तो उठला, पिशवीतून पाना काढला, वॉशर बदलला आणि नळ गप्प केला.

हवालदाराने फोन ठेवला. “अहो, वा! त्या टपटपीने कधीपासून डोकं उठलं होतं. या, इकडे खुर्चीवर बसा. पाणी घ्या.”

ग्लास पाहून मावशीने पुन्हा प्लंबरचा शर्ट ओढला.

“माझीही मुलगी कॉलेजलाच आहे,” हवालदार म्हणाला. “डोक्यावर मिरे वाटतात हो आजकाल. तुमच्याकडे काही बोलाचाली झाली होती का?”

“काही नाही, साहेब,” मावशी घाईने म्हणाली. “गरीब पोर आहे ती.”

“तुम्हाला नाही विचारलं, बाई.” तो प्लंबरकडे पाहून हसला. हसणं मनापासून होतं, आणि मावशीला त्याचीच भीती वाटली.

प्लंबरने ग्लास खाली ठेवला. मावशीची नजर टाळली. “झाली होती थोडी, साहेब. मोबाइलवरून. मीच जरा जास्त बोललो.”

इतका वेळ आडवं पडलेलं पेन उठलं आणि भराभर चालू लागलं.

“आणि साहेब, तिची मैत्रीण म्हणत होती, बसथांब्यावर एक गाडी दोन-तीन दिवस...”

“बघू, बघू.” हवालदाराने पेनाला टोपण लावलं. “काळजी करू नका. राग उतरला की येतात पोरी.”

बाहेर उन्हं उतरली होती. प्लंबरचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदाच सैल झाला होता.

“बघा मावशी, बसवलं, पाणी दिलं, सगळं नीट लिहून घेतलं. तुम्ही उगाच घाबरवत होतात. राग उतरला की येईल म्हणाले.”

मावशीला त्याचा संताप आला. याला गदागदा हलवावं असं वाटलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिने हात आवरला. आता सांगून काय उपयोग होता? लिहायचं ते लिहून झालं होतं.

“रात्री दाराला कडी लावू नकोस,” ती म्हणाली. “आली तर बाहेर खोळंबायला नको.”

“नाही लावत. आजच्या रात्रीचाच तर प्रश्न आहे.”

दोघं बसथांब्याच्या दिशेने चालू लागले. थोडं पुढे जाऊन प्लंबरचे पाय मंदावले. त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“मावशी,” तो म्हणाला, “तुमच्या दाराची ती उघडी कडी...”

“चल,” मावशी म्हणाली. “उजेड आहे तोवर बसथांबा बघून येऊ.”